परमुलखातील पेढी

परमुलखात जाऊन दुकान मांडणाऱ्या व्यापाऱ्याला दोन गोष्टी कराव्या लागतात. एक म्हणजे दुकानाची पाटी तिथल्या लोकांना वाचता येईल अशी रंगवून घेणे. आणि दुसरी म्हणजे आपल्या पेढीचा वर्षानुवर्षे चालत आलेला शिरस्ता, म्हणजे रोखी-उधारीचे नियम, माल परत घेण्याची रीत, गुमास्त्याला दिलेला अखत्यार, हे सारे त्या मुलखाच्या व्यवहाराशी जुळवून घेणे. पहिली गोष्ट चार दिवसांत उरकते आणि तिला खर्चही बेताचाच येतो. दुसरीला वर्षे लागतात, पैसा लागतो, आणि मुख्य म्हणजे मूळ पेढीवर लोडाला टेकून बसलेल्या मालकाला आपला अभिमान थोडा बाजूला ठेवावा लागतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगातील मातबर कंपन्या संकेतस्थळांच्या आणि मोबाइलवरील ॲपच्या रूपाने चीन, भारत, नायजेरिया, केनिया अशा नव्याने हातात पैसा खेळू लागलेल्या देशांत शिरल्या. त्यांच्यापैकी कोण टिकले आणि कोणी गाशा गुंडाळला याचा ताळा मांडू गेल्यास, पाटी चुकली म्हणून बुडालेल्या पेढ्या विरळाच सापडतात; बहुतेकींचे दिवाळे निघाले ते दुसऱ्या गोष्टीविषयीच्या आळसाने किंवा अहंकाराने.

हा प्रकार संगणकाने जन्माला घातला असे मानण्याचे कारण नाही. लीव्हर कंपनीने मुंबईत शिवडीला वनस्पती तुपाचा कारखाना काढला तो १९३२ साली, आणि पुढे डालडा या नावाने जो पदार्थ तिने घरोघर पोचवला तो रंगाने आणि मुख्यतः रवाळपणाने साजूक तुपाच्या जितका जवळ नेता येईल तितका नेलेला होता; कारण युरोपात खपणारी मऊ, लोण्यासारखी चरबी इथल्या गृहिणीने डब्यात घेतलीच नसती. याच कंपनीने १९३७ साली प्रकाश टंडन नावाच्या एका पंजाबी तरुणाला नोकरीत घेतले, आणि १९६१ साली तोच तरुण तिच्या हिंदुस्थानातील व्यवहाराचा पहिला भारतीय अध्यक्ष झाला. डालड्याच्या पिवळ्या डब्याची आठवण पुष्कळांना असते, टंडनांच्या नेमणुकीची फारशी कोणाला नसते. परंतु परक्या पेढीने या मातीत मूळ धरण्याच्या कथेत मला ती नेमणूक डब्याहून अधिक महत्त्वाची वाटते.

उलट उदाहरण आपल्या तळोज्याचे आहे. १९९४ साली केलॉग कंपनी भारतात उतरली, तळोज्याला तिचा कारखाना उभा राहिला आणि मक्याचे कुरकुरीत पोहे सकाळच्या न्याहारीला खावेत असा उपदेश मोठ्या थाटामाटाने सुरू झाला. पाटीत खोट काढण्यासारखे काही नव्हते, मालही उत्तम होता. परंतु आपल्याकडे सकाळी दूध तापवतात आणि गरमच घेतात. त्या गरम दुधात ते पोहे पडले की क्षणात लगदा होई, आणि थंड दूध पिण्याची सवय लोकांना लागेपर्यंत थांबणे कोणत्याही कंपनीला परवडणारे नव्हते. शिवाय पोहे, उपमा, थालीपीठ किंवा इडली यांच्यापुढे एक गोडसर, महागडी वाटी मांडून ‘तुमची न्याहारी सदोष आहे’ असे सुचवणे हे पाहुण्याने यजमानाच्या स्वयंपाकाला नावे ठेवण्यासारखे होते. पुढे कंपनीने आंबा-वेलची, नारळ-केशर अशा चवी काढून पाहिल्या, लहान आणि स्वस्त पाकिटे काढली, आणि हळूहळू शहरांतून आपली जागा केली. परंतु तिच्या पहिल्या काही वर्षांचा जमाखर्च व्यापारशास्त्राच्या वर्गांतून अजूनही सावधगिरीचा धडा म्हणून शिकवला जातो.

संकेतस्थळाच्या बाबतीत पाटी म्हणजे भाषा, चित्रे, रंग आणि सणावाराच्या जाहिराती. या साऱ्या खटाटोपाला त्या धंद्यात ‘लोकलायझेशन’ म्हणतात आणि मराठीत आता ‘स्थानिकीकरण’ हा शब्द रूढ होत चालला आहे. दिवाळीच्या सुमारास पडद्यावर पणत्या लावणे आणि गुढीपाडव्याला गुढीचे चित्र टाकणे हे त्याचे सर्वांत सोपे अंग असून, दुर्दैवाने पुष्कळ कंपन्यांचे स्थानिकीकरण तिथेच संपते. दुसरे अंग पाहायचे असेल तर पहिल्या पानावर रेंगाळण्यापेक्षा सरळ त्या पानावर जावे जिथे गिऱ्हाइकाने आपला पत्ता लिहायचा असतो. परक्या कंपनीने आपला मुलूख कितपत जाणला आहे हे त्या एका पानावर जितके स्वच्छ दिसते तितके तिच्या कोणत्याही जाहिरातीत दिसत नाही.

अमेरिकन मनाने रचलेल्या पत्त्याच्या पानावर घरक्रमांक, रस्त्याचे नाव, शहर, राज्य आणि टपालाचा संकेतांक अशी घरे असतात, आणि त्यांतले एक जरी रिकामे राहिले तरी ते पान पुढे सरकू देत नाही. आता संगमेश्वर तालुक्यातल्या एखाद्या वाडीत राहणाऱ्या माणसाने यात काय भरावे? त्याचा पत्ता ‘मु. पो.’ने सुरू होतो, त्यात वाडीचे नाव असते, ग्रामदेवतेच्या देवळाची किंवा शाळेची खूण असते, तालुका असतो आणि जिल्हा असतो. रस्त्याला नाव नसते, घराला क्रमांक असलाच तर तो ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या पावतीवर असतो आणि तो घरच्यांनाही पाठ नसतो, आणि ‘शहर’ या घरात तर लिहिण्यासारखे काहीच नसते. तो बापडा मग ‘रस्ता’ या घरात वाडीचे नाव कोंबतो, ‘शहर’ म्हणून कधी तालुका तर कधी जिल्हा लिहितो, आणि त्याच्या नावाची पेटी रत्नागिरीच्या वखारीत जाऊन पडते.

हा घोळ टपालखात्याला संगणकाच्या पुष्कळ आधी भेडसावत होता. एकाच नावाची अनेक गावे, पत्ते नाना लिप्यांत लिहिलेले आणि अक्षर अनेकदा न लागणारे, अशा अवस्थेवर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिनकोड सुरू झाला, आणि त्याचे जनक होते केंद्रीय दळणवळण खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर, जे संस्कृतचे नामांकित कवीही होते. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा टपाल वर्गीकरणाच्या जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन प्रत्यक्ष टपाल कार्यालयाचे, अशी त्याची रचना आहे; छंदोबद्ध रचनेचा अभ्यास असलेल्या माणसाच्या हातून इतकी नेटकी आकडेरचना व्हावी यात मला तरी नवल वाटत नाही. परंतु पिनकोड टपाल कार्यालयापर्यंत पोचवतो, दारापर्यंत नव्हे. दारापर्यंतचे उरलेले अंतर गावचा पोस्टमन आपल्या माहितीवर तोडीत असे, आणि ती माहिती परक्या कंपनीच्या दप्तरात कुठून असणार?

ज्या कंपन्यांनी हे ओळखले त्यांनी पत्त्याच्या पानावर दोन बदल केले. ‘जवळची खूण’ असे एक स्वतंत्र घर तयार केले, ज्यात ‘पिठाच्या गिरणीसमोर’ किंवा ‘मारुतीच्या देवळामागे’ असे मोकळेपणाने लिहिता यावे. आणि मोबाइलचा क्रमांक अनिवार्य केला. पाश्चात्त्य पानावर दूरध्वनीचा क्रमांक म्हणजे शिष्टाचारापुरती विचारलेली बाब. आपल्याकडे मात्र तोच खरा पत्ता, कारण माल घेऊन येणारा मुलगा नाक्यावर उभा राहून फोन करतो आणि उरलेली वाट गिऱ्हाईक तोंडी सांगते. हे दोन्ही बदल दिसायला किरकोळ आहेत. पण ते करण्याआधी कोणीतरी त्या मुलाच्या मोटारसायकलीवर मागे बसून हिंडले असले पाहिजे.

नावाच्या घरांचेही तसेच. आपले नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव ही मराठी माणसाची त्रिपुटी पाश्चात्त्य साच्यात कशीबशी बसते. परंतु तमिळ माणसाला बहुधा आडनावच नसते, एक अक्षरी आद्याक्षर असते, आणि ‘आडनाव किमान दोन अक्षरी असावे’ असा दटावणारा लाल मजकूर त्याच्यासमोर उभा राहिला की आपण या पेढीचे गिऱ्हाईक नव्हेच, असे त्याला वाटल्यास चूक त्याची नाही. आकडे लिहिताना १२,३४,५६७ अशी लाखाची विभागणी न करता दर तीन अंकांनी स्वल्पविराम देणारे दुकान मोठ्या रकमेच्या वेळी गिऱ्हाइकाला बोटे मोजायला लावते.

आणि मग लिपी. युनिकोड या जागतिक अक्षरसंचात देवनागरी १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासूनच आहे, आणि ती भारत सरकारच्या १९८८ सालच्या ‘इस्की’ या संकेतावरून घेतलेली आहे. परंतु मराठीच्या खास गरजा त्यात मागाहून एकेक करून शिरल्या. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. म्हणजे ज्या कंपनीचे नाव मराठीत लिहिताना पहिलेच अक्षर ‘ॲ’ येते, त्या ॲमेझॉनला त्याच्या आधी आपली मराठी पाटी एका स्वच्छ अक्षराने सुरूही करता आली नसती. दर्या आणि दऱ्या यांतला फरक दाखवणारा अर्धा र, मराठी वळणाचे ल आणि श, यांची सोय चांगल्या टंकात असते; परंतु हिंदीसाठी घेतलेला टंक मराठी पानाला तसाच चिकटवून देणारे लोक पुष्कळ, आणि इंग्रजीच्या बेताने आखलेल्या ओळीत वेलांटीचा आणि रफाराचा माथा छाटला गेलेली बटणे आजही पाहावयास मिळतात. ‘बाय’ या तीन रोमन अक्षरांसाठी कापलेल्या चौकटीत ‘खरेदी करा’ बसत नाही म्हणून ‘खरेदी क…’ असे अर्धवट आर्जव करणारे बटण पाहिले की पाटी रंगवणाऱ्याने ती उभारलेल्या जागी जाऊन एकदाही पाहिलेली नाही, हे उघड होते.

कोणती मराठी वापरावी हा प्रश्न याहून नाजूक आहे. माझ्यासारखा तत्समप्रिय माणूससुद्धा ‘मागणी नोंदवून क्रयपेटिका रिक्त करा’ अशा आज्ञेपुढे हतबुद्ध होईल. ‘ऑर्डर करा’ हे चालते आणि चालावे. परंतु ‘ऑर्डर’ शब्द ठेवून वाक्य मराठी ठेवणे निराळे, आणि इंग्रजी वाक्याचा सांगाडा कायम ठेवून त्यावर मराठी शब्दांची कातडी चढवणे निराळे. दुसरा प्रकार यंत्राकडून क्षणात होतो, म्हणूनच तो फार होतो.

ॲमेझॉनचे भारतातील दुकान ५ जून २०१३ रोजी उघडले. आरंभी पुस्तके आणि चित्रपट एवढाच माल होता आणि पहिली मोठी वखार होती भिवंडीला. भारताच्या कायद्याने परक्या भांडवलाच्या कंपनीला आपला माल थेट किरकोळ गिऱ्हाइकाला विकण्याची मुभा नव्हती, म्हणून अमेरिकेत जी कंपनी स्वतः दुकानदार होती तिला इथे केवळ पेठेची मालक होऊन इतरांच्या मालाला जागा द्यावी लागली, आणि त्या इतरांना गोळा करण्यासाठी तिच्या माणसांनी बाजारपेठांतून चहाच्या गाड्या फिरवल्या. दुकानदाराला चहा पाजायचा आणि तो पिता-पिता संगणकावर माल कसा मांडावा हे त्याला समजावून सांगायचे, असा तो बेत होता. अमेरिकेत बसून तो कोणाला सुचला नसता. वाण्याच्या दुकानातील रिकाम्या कोपऱ्यात पेट्या ठेवायच्या आणि त्यानेच त्या आपल्या आळीत पोचवायच्या, हीही तजवीज इथलीच. आळीतली घरे वाण्याला ठाऊक असतात, त्यामुळे पत्त्याचा प्रश्नही परस्पर सुटे.

सर्वांत मोठी तडजोड पैशाची होती. पतपत्र म्हणजे क्रेडिट कार्ड, ते फार थोड्यांकडे होते. ज्यांच्याकडे होते त्यांनाही रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २००९पासूनच्या नियमाने प्रत्येक ऑनलाइन व्यवहारात दुसरा परवलीचा शब्द द्यावा लागे, आणि मधेच वीज वा जोडणी गेली की पैसे गेले की राहिले याचा जीवघेणा संशय उरे. बंगळुरूच्या फ्लिपकार्टने २०१० साली माल हातात पडल्यावर रोख पैसे देण्याची सोय काढली होती, आणि ॲमेझॉनला तीच वाट धरावी लागली. हिशेबनिसाच्या दृष्टीने ही आपत्तीच. पैसा उशिरा येतो, मुलाजवळ रोकड साठते, आणि दारात आलेला माल ‘आता नको’ म्हणून परत जातो. तरीही ती पत्करणे भाग होते, कारण इतबार आधी कोणी दाखवायचा हा प्रश्न होता आणि नव्या मुलखात तो नवख्यानेच दाखवायचा असतो. उबर कंपनीची कथा याहून मौजेची आहे. गाडीतून उतरताना खिशात हातसुद्धा घालावा लागू नये हाच जिचा सारा डौल, तिला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने अडवल्यावर मे २०१५ मध्ये हैदराबादेत रोख भाडे घेण्याचा प्रयोग करावा लागला. आणि तो इतका यशस्वी झाला की पुढे अनेक देशांत तिने तोच शिरस्ता लावला.

२०१४च्या सप्टेंबरात ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस बंगळुरूला आले, बंद गळ्याचा अंगरखा घालून रंगीबेरंगी सजवलेल्या मालट्रकवर चढले आणि दोन अब्ज डॉलरचा पुठ्ठ्याचा भला मोठा धनादेश त्यांनी आपल्या इथल्या प्रमुखाच्या हाती दिला. वृत्तपत्रांनी ट्रकचे छायाचित्र छापले. परंतु भव्य धनादेशापेक्षा तो स्वीकारणाऱ्या माणसाला तो खर्च करण्याची जी मुखत्यारी मिळाली, तिचे मोल अधिक होते. चहाच्या गाडीसाठी प्रत्येक वेळी सिॲटलच्या मुख्य कचेरीतून हुकूम मागवावा लागला असता तर चहा निवून गेला असता.

भाषेची पाळी आली ती मागाहून. हिंदी पान सप्टेंबर २०१८ मध्ये आले. त्या सुमारास कंपनीच्या लोकांनीच सांगितलेली एक हकीकत प्रसिद्ध आहे: शोध घेण्याच्या जागी जे भिंगाचे चित्र असते ते नव्या गिऱ्हाइकांना उमगेना, काहींना तर ती टेबलटेनिसची बॅट वाटली, म्हणून चित्राच्या शेजारी शब्द लिहावा लागला. दक्षिणेच्या चार भाषा २०२० साली आल्या, मराठी मात्र नव्हती. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने मराठीसाठी आंदोलन केले, त्यात वखारींची मोडतोडही झाली आणि प्रकरण कोर्टकचेरीपर्यंत गेले. सप्टेंबर २०२१ मध्ये मराठी आणि बंगाली पाने सुरू झाली. मोडतोडीचे समर्थन करता येणार नाही, परंतु ज्या राज्यात पहिली वखार उभी राहिली त्या राज्याची भाषा आठ वर्षांनी यावी, हा क्रम बोलका आहे. इंग्रजी वाचणाऱ्या गिऱ्हाइकाचा खिसा आधी आणि इतरांचा मागाहून, असा तो हिशेब होता. आणि आजही अनेक संकेतस्थळांवर वरचे पान मराठीत आणि ज्या अटींना आपण मान्यता देतो त्या इंग्रजीत, असा प्रकार सर्रास आढळतो. माल घेताना मराठी आणि तक्रार करताना इंग्रजी ही वाटणी दुकानदाराच्या सोयीची आहे.

आता चीनकडे वळू, कारण तिथे जे घडले ते या साऱ्या विषयाचे मर्म उघड करते. ईबे ही अमेरिकेतील लिलावाची प्रचंड पेठ. २००२ साली तिने शांघायच्या ईचनेट या पेढीत ३ कोटी डॉलर घालून एक तृतीयांश हिस्सा घेतला आणि पुढच्या वर्षी आणखी १५ कोटी डॉलर मोजून ती संपूर्ण ताब्यात घेतली. ईचनेट १९९९ साली अमेरिकेत शिकून परतलेल्या दोन चिनी तरुणांनी काढलेली होती, आणि चीनमधील अशा व्यवहाराचा बहुतांश भाग तिच्याकडे होता. म्हणजे ईबेला पाटी रंगवावीच लागली नाही. तयार, चालते, चिनी दुकान तिच्या हाती आले.

मे २००३ मध्ये हांगचौ शहरातील एका सदनिकेतून जॅक मा यांच्या अलिबाबा कंपनीने ताओबाओ नावाची प्रतिस्पर्धी पेठ सुरू केली. विक्रेत्याकडून तिथे छदामही घेत नसत, ईबे मात्र माल मांडण्याचीही फी आकारी. ताओबाओवर गिऱ्हाईक आणि विक्रेता एकमेकांशी पडद्यावरच बोलू शकत, घासाघीस करू शकत. ईबेला ही मोकळीक देणे धोक्याचे वाटे, कारण दोघे परस्पर सौदा करून आपली दलाली बुडवतील. वस्तुतः जिथे अनोळखी माणसावर विश्वास ठेवण्याची सवय नाही तिथे बोलल्याशिवाय सौदा होतच नाही. आणि पैशासाठी ताओबाओने अलिपे काढले, ज्यात गिऱ्हाइकाने दिलेली रक्कम मध्यस्थाकडे अनामत राही आणि माल पसंत पडल्याची कबुली मिळाल्यावरच ती विक्रेत्याच्या हाती जाई. आपल्या जुन्या बाजारातील आडत्याची ही रीत होती. ती फक्त संगणकावर चढवली गेली.

ईबेने याच्या उत्तरादाखल जे केले ते चुकीच्या कारभाराचा नमुना म्हणून जपून ठेवण्याजोगे आहे. २००४ साली तिने ईचनेटचा सारा डोलारा शांघायहून उचलून आपल्या जागतिक यंत्रणेवर नेऊन ठेवला, जेणेकरून जगभर एकच पेठ, एकच साचा आणि एकच दप्तर असावे. चिनी गिऱ्हाइकांना सवयीच्या झालेल्या कितीतरी सोयी एका रात्रीत नाहीशा झाल्या. यंत्रे अमेरिकेत असल्याने आणि वाटेत चीन सरकारची चौकी असल्याने पाने रेंगाळत उघडू लागली. आणि ज्या दुरुस्त्या पूर्वी शांघायच्या खोलीत बसून लगोलग होत, त्यांच्यासाठी आता कॅलिफोर्नियातील मुख्य कचेरीच्या मंजुरीची वाट पाहावी लागे. डिसेंबर २००६ मध्ये ईबेने चीनमधील आपले दुकान बंद करून उरलासुरला कारभार एका स्थानिक कंपनीच्या भागीदारीत सोपवला. जिंकलेला किल्ला किल्लेदाराचे हात बांधून घालवला. मुंबईच्या बाझी डॉट कॉमचीही गत फार निराळी झाली नाही. २००४ साली ईबेने ती घेतली, तिच्यावर आपले नाव चढवले, आणि २०१८ साली ते दुकानही बंद झाले. इथे न्यायाच्या दृष्टीने एवढे नोंदवले पाहिजे की भारतात शहाणपणाने वागलेल्या ॲमेझॉनलाही चीनमधील देशांतर्गत पेठ २०१९च्या जुलैत आवरती घ्यावी लागली. एका मुलखातील शहाणपण दुसऱ्या मुलखात आपोआप चालत जात नाही.

परमुलखात यशस्वी झालेली पेढीही चीनचीच सापडते. तिथल्या शेंझेन शहरातून ट्रान्शन नावाची कंपनी २००६ सालापासून मोबाइल फोन बनवते, टेक्नो आणि आयटेल या नावांनी ते आफ्रिकेत विकते, आणि खुद्द चीनमध्ये तिचे नाव सामान्य माणसाला जवळजवळ ठाऊक नाही. एका कंपनीच्या जाळ्यावरून दुसरीकडे बोलण्याचा दर महाग, म्हणून आफ्रिकेत माणसे दोन-तीन सिमकार्डे बाळगीत; ट्रान्शनने तितकी सिमे एकाच फोनात बसवली. विजेचा भरवसा नाही, म्हणून दिवसचे दिवस टिकणारी बॅटरी दिली. इतर फोनांचे कॅमेरे गोऱ्या चेहऱ्याच्या मापाने जुळवलेले असल्याने सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या माणसांचे छायाचित्र काळवंडून जाई. हिने तो हिशेब मुळापासून नव्याने बसवला. इथिओपियासाठी अम्हारिक भाषेची कळपाटी दिली आणि तिथेच २०११ साली जुळणीचा कारखाना काढला. हिच्या यशाचे एक कारण मला असे वाटते की मायदेशात तिचा शिरस्ता असा काही नव्हताच. परमुलखात लादण्यासारखी सवय सोबत नसणे ही मोठी सोय असते.

आपल्याकडे याची बरोबरी करू शकेल अशी कथा आकुर्डीच्या बजाजची. बॉक्सर ही मोटारसायकल आपल्या रस्त्यांवरून जवळजवळ नाहीशी झाली आहे. नायजेरिया, केनिया, युगांडा या देशांत मात्र ती पोट भरण्याचे साधन आहे, कारण तिथे मोटारसायकल हे भाड्याचे वाहन असून तिच्यावर माणसे, पोती, केळ्यांचे घड असा सारा संसार वाहिला जातो. म्हणून तिची बैठक लांब आणि मागची चौकट दणकट. आमच्याकडे मायलेजची आणि चकचकीत रंगाची जाहिरात चालते. तिथे तिची खरी जाहिरात म्हणजे तालुक्याच्या ठिकाणचा मिस्तरी. परंतु अशा पेढीच्या हातात नसलेल्या गोष्टीही असतात: फेब्रुवारी २०२० मध्ये नायजेरियातील लागोसच्या सरकारने शहराच्या मोठ्या भागात भाड्याच्या मोटारसायकलींना बंदी केली, आणि विक्रीला त्याचा फटका बसला.

लहान व्यापाऱ्याने यातून घाबरून जाण्याचे कारण नाही. देवगड-रत्नागिरीच्या हापूसला आखाती देश हे जुने गिऱ्हाईक, आणि आता बागायतदारांची मुलेही दुबईकडे तोंड करून संकेतस्थळे काढू लागली आहेत. त्यांतला उत्साही कोणी आधी अरबी पान करून घेतो. अरबी उजवीकडून डावीकडे चालते, म्हणून सारे पान आरशात पाहिल्यासारखे उलटावे लागते. मागे जाण्याचा बाण उलटतो, चित्रांची रांग उलटते, मात्र दूरध्वनीचे आकडे डावीकडूनच उजवीकडे राहतात, आणि ज्याने तेही उलटले त्याला फोन येत नाही. हे सारे करण्याआधी आपली पेटी तिथे कोण उघडते हे पाहावे. दुबईतील बहुसंख्य रहिवासी परदेशी आहेत, त्यांत मल्याळी, गुजराती, पाकिस्तानी पुष्कळ, आणि हापूससाठी जीव टाकणाऱ्यांत मराठी माणूसही आहेच. त्यांना अरबी पानाचा उपयोग नाही, तर पेटी शुक्रवारी पोचेल की शनिवारी आणि फळ कच्चे निघाले तर पैसे परत कसे मिळतील, हे हवे. बंद डब्यातला आमरस पाठवायचा तर मात्र अरबी चिठ्ठी कायद्यानेच लागते. आणि रमजानच्या जाहिरातीचे चित्र गतवर्षीच्या दप्तरातून तसेच उचलू नये: चांद्र पंचांगाने तो महिना दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२० साली तो २४ एप्रिलच्या सुमारास, ऐन आंब्याच्या भरात सुरू झाला होता. २०२५ साली तो १ मार्चलाच सुरू होऊन हंगाम भरात येण्याआधी संपूनही गेला.